सातव्या दिवशी निम्मी अंडी कोरी निघाली, कोंबडा बदलायचा का?

माळावरचा (सांगोला)

राम राम मंडळी. घरच्या १४ कोंबड्या आहेत, ९ गावरान आणि ५ आर.आय.आर. (रोड आयलंड रेड जातीच्या). कोंबडा एकच, गावरान, दोन वर्षांचा, अंगानं दणकट. थर्माकोलच्या खोक्याचं उबवणी यंत्र घरीच केलंय. आत पंखा आहे, तापमान ३७.६ वर धरलंय. ४० अंडी ठेवली होती. काल सातवा दिवस, म्हणून रात्री लाईट बंद करून टॉर्चवर एकेक बघितलं. १७ अंड्यांत लाल शिरांचं जाळं झकास दिसतंय, मध्ये काळा ठिपका हलतोय. ४ अंड्यांत नुसतं लाल गोल कडं आहे, शिरा नाहीत. उरलेली १९ एकदम कोरी. बलकाची सावली सोडली तर आत काही नाही.

शेजारचे तात्या म्हणतात कोंबडा संपला, जत्रेच्या आत विकून टाक, भाव चांगला येईल. गिऱ्हाईकसुद्धा आणलंय त्यांनी. मला दोनच गोष्टी विचारायच्यात. कोरं अंडं म्हणजे कोंबडा नापास, असंच धरायचं का? आणि ठेवायच्या आधी कळायची काही युक्ती असते का? १९ अंड्यांची भुर्जी तरी झाली असती.

पुण्याची_गच्ची

मी एका व्हिडिओत पाहिलं होतं की पाण्यात टाकायचं, बुडालं तर फळलेलं, तरंगलं तर कोरं. हे करून पाहिलंत का? (मी अजून कोंबड्या घेतलेल्या नाहीत, नुसती वाचतेय.)

परसदार (गुहागर)

नाही गं, असं काही करू नकोस. अंडं पाण्यात तरंगतं ते जुनं झालं म्हणून. आतलं पाणी उडतं, बोथट टोकाकडची हवेची पोकळी वाढते, मग ते वर येतं. फळलंय की नाही याच्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. कोंबडा कधी बघितलाही नसेल अशा कोंबडीचं ताजं अंडंसुद्धा तळाला जाऊन बसेल. वर अंडं भिजलं की कवचावरचा नैसर्गिक थर जातो आणि घाण आत शिरायला वाट मिळते. उबवायचं अंडं धुवायचंच नाही. शेण लागलं असेल तर सुक्या फडक्यानं हलकेच पुसावं, फारच बरबटलेलं असेल तर ते खायला घ्यावं.

निवृत्त_पर्यवेक्षक

माळावरचे, कोंबडा विकू नका. निदान आठवडाभर तरी नको. तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण पहिल्याचं उत्तर त्यातच आहे.

ताजं अंडं फोडल्याशिवाय ते फळलेलं आहे की नाही हे घरच्या कुठल्याही साधनानं कळत नाही. टॉर्चनं नाही, हलवून नाही, वजनावरून नाही, आकारावरून तर नाहीच. फोडल्यावर मात्र कळतं. अंडं बशीत अलगद फोडा आणि बलकावरचा पांढुरका ठिपका शोधा. तो प्रत्येक अंड्यावर असतो. ठिपका दिसत नसेल तर बलक चमच्यानं हळूच फिरवा, खालच्या बाजूला गेलेला असेल. न फळलेल्या अंड्यात तो बारीक, घट्ट पांढरा आणि कडेनं वेडावाकडा असतो, दोन-तीन मिलिमीटरचा. फळलेल्यात तो चार-पाच मिलिमीटरचा, नीट गोल असतो, बाहेर पांढरट कडं आणि आत किंचित पारदर्शक भाग. पहिल्यांदा बघणाऱ्याला फरक लगेच कळत नाही. म्हणून बाजारातलं फार्मचं एक अंडं आणून शेजारी फोडावं. त्या फार्मवर कोंबडाच नसतो, त्यामुळे ते न फळलेलंच असणार. दोन बश्या शेजारी ठेवल्या की डोळा बसतो.

बलकाला चिकटलेला जाड पांढरा दोरा असतो, पुष्कळ लोक त्यालाच पिल्लाची सुरुवात समजतात. तो बलकाला मधोमध तोलून धरायला असतो आणि सगळ्याच अंड्यांत असतो. तसंच रक्ताचा ठिपका. तो अंडं तयार होताना कोंबडीच्या अंगातली एखादी बारीक नस फुटल्यानं येतो. ती फळल्याची खूण नव्हे.

तेव्हा ठेवायच्या आधीची युक्ती एवढीच: एका कळपाची दहा-बारा अंडी स्वयंपाकात वापरताना बशीत फोडून बघायची. दहात नऊ फळलेली निघाली तर उरलेली बिनधास्त ठेवायची. जे अंडं फोडलं ते काही उबवता येत नाही, पण पोळीबरोबर तर जातं.

आता मुख्य मुद्दा. सातव्या दिवशी कोरं दिसलेलं अंडं दोन प्रकारचं असतं. एक, जे मुळात फळलंच नाही. दुसरं, जे फळलं होतं पण रक्तवाहिन्या तयार व्हायच्या आधीच आतला जीव गेला. टॉर्चच्या उजेडात दोन्ही सारखीच दिसतात. अंडं कोंबडीच्या पोटातून बाहेर पडतं तेव्हाच त्या ठिपक्यात हजारो पेशी तयार झालेल्या असतात, कारण फलन वर नलिकेच्या तोंडाशी होतं आणि पुढे कवच चढून अंडं बाहेर पडायला साधारण २५ तास जातात. म्हणजे घालतानाच ते जिवंत असतं, आणि त्यानंतर ते मरू शकतं. पहिल्या प्रकाराचा दोष कोंबड्याकडे जाऊ शकतो. दुसऱ्या प्रकाराचा बहुतेक वेळा माणसाकडे.

ती १९ अंडी टाकली नसतील तर सगळी फोडून बघा. आणि अंडी गोळा किती दिवस केली, कुठे ठेवली होती, ते सांगा.

माळावरचा

काका, टाकली नाहीत, बाहेर ओट्यावर पाटीत आहेत. उद्या फोडतो.

गोळा करायला बारा दिवस लागले. रोजच्या अंड्यावर पेन्सिलीनं तारीख घालतो, ती सवय आहे. ठेवली होती स्वयंपाकघरात, फडताळात, धान्याच्या पाटीत. वर पत्रा आहे. दुपारी बाहेर ४१-४२ असतं, घरात थोडं कमी. गारवा हवा असतो हे ऐकलेलं, पण फ्रिजमध्ये ठेवली तर मरतात म्हणून नाही ठेवली.

हॅचरी_शिफ्ट_बी

मी एका हॅचरीत सेटरवर, म्हणजे अंडी उबवायच्या यंत्रावर, आहे. कंपनीचं नाव नको. वरच्या पोस्टमध्ये ४१-४२ आणि पत्रा वाचलं आणि माझ्यापुरता तरी प्रश्न मिटला.

अंड्यातली वाढ थांबवून ठेवायची असेल तर त्याला २० अंशांच्या खाली ठेवावं लागतं. आमच्याकडे अंड्यांची खोली १५ ते १८ अंशांवर असते, आर्द्रता ७० ते ७५ टक्के. त्याच्या वर गेलं की ठिपका हळूहळू वाढायला लागतो. ३७.५ ला ती वाढ नीट होते. पण ३० ते ३५ मध्ये धड वाढ नाही आणि धड विश्रांतीही नाही. पेशी वाढतात, पण कशाही. दुपारी वाढ, पहाटे थांब, पुन्हा दुपारी वाढ. आठवडाभर असं झालं की यंत्रात जायच्या आधीच जीव दमलेला असतो आणि पहिल्या दोन-तीन दिवसांत जातो. हृदय दुसऱ्या दिवसाच्या अखेरीस धडधडायला लागतं, शिरा टॉर्चला दिसायला चौथा दिवस उजाडतो. त्याआधी गेलं तर तुम्हाला टॉर्चमध्ये काय दिसणार? कोरं अंडं.

लाल कडं दिसलेली ४ अंडी म्हणजे जे त्याच्या पुढे थोडं गेलं आणि मग मेलं. शिरांतलं रक्त कडेला सरकून गोल होतं. त्यात कोंबड्याचा दोष नाही हे तर उघडच आहे, फळलं नसतं तर रक्त आलं कुठून?

गार खोलीत ठेवूनही सात दिवसांच्या पुढे उगवण घटतच जाते. बारा दिवस आणि पत्र्याखाली म्हणजे १७ जिवंत निघाली हेच पुष्कळ.

सातपुड्याच्या_पायथ्याशी (शहादा)

मी थोडं वेगळं म्हणतो. उन्हाळ्याचं खरं आहे, पण सगळं खापर फडताळावर फोडून कोंबड्याला सोडून देऊ नका. उन्हाळ्यात कोंबडाही थंडावतो. दिवसभर चोच उघडी टाकून सावलीत धापा टाकत बसलेला कोंबडा कोंबड्यांवर जातो कधी? आणि गेला तरी बियाण्यात दम नसतो. शिवाय १४ कोंबड्यांना एक कोंबडा म्हणजे जरा ताणच आहे. गावरानला आठ-दहाला एक धरावा.

दुसरं, कोंबड्याच्या आवडीनिवडी असतात. माझ्याकडे कडकनाथ आहेत. एक नर ठरावीक चार माद्यांच्याच मागे असायचा, बाकीच्यांकडे ढुंकून बघायचा नाही. त्या बाकीच्यांची अंडी कायम कोरी. तुमच्याकडे दोन जाती आहेत, आर.आय.आर.ची अंडी तपकिरी असतात, रंगावरून ओळखता येतील. कोऱ्या अंड्यांत तपकिरी किती ते मोजा.

आणि तपकिरी अंड्यांना साधा मोबाईलचा टॉर्च पुरत नाही हेही लक्षात ठेवा. पांढऱ्या किंवा फिक्या कवचात चौथ्या-पाचव्या दिवशी शिरा दिसतात, गडद तपकिरीत सातव्या दिवशीही धूसर. जुन्या पुठ्ठ्याच्या खोक्याला अंड्याच्या बोथट टोकापेक्षा थोडं लहान भोक पाडायचं, आत चांगल्या उजेडाचा एल.ई.डी. टॉर्च, आणि अंडं भोकावर असं टेकवायचं की कडेनं उजेड गळता कामा नये. पिवळा बल्ब वापरू नका, तापतो. ज्याचा संशय वाटेल त्यावर पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढून परत ठेवा आणि दहाव्या दिवशी बघा. घाईत जिवंत अंडी टाकणारे लोक मी पाहिलेत.

परसदार (गुहागर)

आमच्याकडे यंत्र नाही, खुडूक (अंड्यांवर बसणारी) कोंबडीच. आजी टॉर्चबिर्च काही वापरायची नाही. कौलातून माजघरात कवडसा पडायचा, त्यात अंडं धरून मुठीची नळी करायची आणि डोळा लावायची. ‘धरलंय’ किंवा ‘पाणी आहे’ एवढंच बोलायची आणि पाणी असलेलं बाजूला. कोंबडी बसवताना पाटीत राख आणि गवत, कडेला कोळसा आणि लोखंडाचा तुकडा, वीज कडाडली तर अंडी बिघडू नयेत म्हणून. त्या कोळशाचा उपयोग कितपत ते आजीलाच ठाऊक, राखेनं मात्र उवा-गोचिडं कमी होतात.

खुडुकीखालची अंडी बघायची तर रात्रीच. दिवसा हात घातला तर चोचीनं सोलून काढते. अंधारात एका हातानं तिला किंचित उचलायचं आणि एकेक अंडं बघून लगेच खाली सारायचं. कोरी वेळेवर काढली की उरलेल्यांना तिची ऊब नीट पोचते. एका कोंबडीला दहा-बाराच्या वर अंडी देऊ नयेत, कडेची गार पडतात.

सातपुडावाले भाऊ, तुमची कडकनाथ खुडूक बसते का हो? आमच्या ओळखीत कुणाचीच बसत नाही.

सातपुड्याच्या_पायथ्याशी (शहादा)

क्वचितच बसते ताई. ही जात मूळची जिथली त्या झाबुआकडचे लोकसुद्धा कडकनाथची अंडी दुसऱ्या गावरान कोंबडीखाली घालतात. २०१८ ला भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून मागणी इतकी वाढली की लोक लांबून अंडी पार्सलनं मागवतात. त्यात आणखी एक भानगड आहे. गाडीत हादरे बसले की बोथट टोकाकडची हवेची पोकळी सुटते. टॉर्चमध्ये अंडं हलवलं की ती पोकळी पाणसळीतल्या बुडबुड्यासारखी इकडून तिकडे पळते. अशी अंडी आल्या आल्या यंत्रात टाकू नयेत. बोथट टोक वर करून निदान १२ ते २४ तास गार जागी उभी ठेवावीत. तरीही निकाल कमीच येतो. विकणाऱ्याला फोन करून भांडण्याआधी कोरी अंडी फोडून बघा म्हणतात ते काकांचं म्हणणं इथंही लागू आहे. फळलेली होती पण प्रवासात गेली असतील तर त्याचा काय दोष?

पुण्याची_गच्ची

मग दुकानातली ‘गावरान अंडी’ आणून उबवली तर? माझी मैत्रीण म्हणाली तपकिरी असली की गावरान.

हॅचरी_शिफ्ट_बी

रंग कोंबडीच्या जातीवर ठरतो. तपकिरी अंडी देणाऱ्या पिंजऱ्यातल्या लेयर कोंबड्याही असतात आणि तिथं कोंबडा औषधालाही नसतो. ‘शाकाहारी अंडं’ म्हणून जे मिरवतात ते हेच. असं अंडं २१ दिवस काय, २१ महिने उबवलं तरी आत पाणीच. खरोखर मोकळ्या फिरणाऱ्या कळपातली असतील, कोंबडा बरोबर असेल, ताजी असतील तर शक्यता आहे. पण दुकानातल्या अंड्याचं वय कुणाला माहीत असतं?

माळावरचा

१९ फोडली. बायको म्हणाली आता हेच बघायचं राहिलं होतं. घरातला मोठा मुलगा वही घेऊन बसला होता, त्यानं लिहून घेतलं. काका, तुम्ही सांगितलं तसं दुकानातलं पांढरं अंडं आणून आधी ते फोडलं, मग बाकीची.

८ अंड्यांत ठिपका अगदी बारीक, दुकानातल्या अंड्यासारखाच. बलक घट्ट, गोल.

११ अंड्यांत ठिपक्याच्या जागी सायीसारखा पांढरट-पिवळसर चट्टा, रुपया एवढा तर नाही पण करंगळीच्या नखाएवढा, एका-दोघांत त्याहून मोठा. रक्त नाही. बलक ढिला, तीन तर बशीत पडता पडताच फुटले.

तारखा बघितल्या. त्या ११ पैकी ९ पहिल्या सहा दिवसांतली, म्हणजे जुनी. आणि सातपुडावाले भाऊ, तुमचा नेम बसला: बारीक ठिपक्याच्या ८ पैकी ६ तपकिरी आहेत.

निवृत्त_पर्यवेक्षक

फार चांगलं काम केलंत. मुलाची वही जपून ठेवा, पुढच्या खेपेला हीच तुलनेला लागेल.

हिशेब मांडू. ४० पैकी ८ मुळात फळली नव्हती. म्हणजे फळलेली ३२, प्रमाण ८० टक्के. नुसत्या टॉर्चवर विसंबला असता तर १७ आणि ४ मिळून २१ फळली, म्हणजे निम्मीच, असा निष्कर्ष निघाला असता आणि कोंबडा जत्रेत गेला असता. ८० टक्के म्हणजे उत्तम नाही, पण उन्हाळ्यात आणि १४ मागे एक कोंबडा असताना त्याला नापास म्हणता येणार नाही. गावरान कोंबड्यांपुरतं बघितलं तर तो चांगलाच पास आहे.

खरं नुकसान दुसरीकडे आहे. ३२ फळलेल्यांपैकी १५ पहिल्या आठवड्यात गेली, ११ शिरा यायच्या आधी आणि ४ नंतर. जवळजवळ निम्मी. सगळं नीट असेल तर पहिल्या आठवड्याची मर पाच टक्क्यांच्या आसपास असते. आणि त्यात जुन्या तारखांची अंडी जास्त, म्हणजे हॅचरीवाल्यांनी आधीच सांगितलेलं निदान तारखांनी पक्कं केलं. यंत्राचं तापमान एकदा ताडून बघायला हरकत नाही. घरातला ताप मोजायचा थर्मामीटर ३५ ते ४२ दाखवतो, तो अंड्यांच्या पातळीला थोडा वेळ ठेवून तुमच्या काट्याशी जुळवा. पण तापमान चुकलं असतं तर जुनी-नवी सगळीच सारखी मेली असती.

आर.आय.आर.बद्दल: कोंबडा त्यांच्यावर जात नसेल, किंवा जात असून वजनाच्या फरकानं जमत नसेल. संध्याकाळी ऊन उतरल्यावर तासभर बसून बघा, कळपात जे काय चालतं ते त्याच वेळी चालतं. शेपटीखालची पिसं फार दाट झाली असतील तर दोघांचीही थोडी कातरतात, त्यानंही फरक पडतो. आणखी एक विचारतो: हा कोंबडा घरच्याच पैदाशीतला आहे का? कारण एकच रक्त पिढ्यान् पिढ्या फिरत राहिलं तरी अंडी फळतात पण पिल्लं आत मरतात. खेड्यात हे फार दिसतं, कोंबडा शेजारच्या गावातून आणायला कुणी तयार नसतं.

माळावरचा

नाही काका, कोंबडा मंगळवेढ्याच्या पाहुण्यांकडून आणलाय. रक्त नवीन आहे.

अंडी गार ठेवायची कशी ते सांगा आता. खोली एसीची करणं आमच्या बसची बात नाही.

परसदार (गुहागर)

आमच्याकडे तर गारवा मिळतच नाही, हवाच दमट. म्हणून आम्ही साठवतच नाही, पाच-सहा दिवसांची झाली की बसवतो. तुमच्याकडे हवा कोरडी आहे, तुम्हाला माठ उपयोगी पडेल.

निवृत्त_पर्यवेक्षक

हो, माठच. घरातल्या सगळ्यात गार, वारा येईल अशा सावलीच्या कोपऱ्यात मोठ्या पाटीत वाळू घ्या, ती ओली करा, त्यात रुंद तोंडाचा मातीचा रांजण अर्धा गाडा. आत तळाला कोरडं गवत, त्यावर अंडी बोथट टोक वर करून, तोंडावर सुती फडकं. वाळूला सकाळ-संध्याकाळ पाणी. अंड्याला ओल लागू द्यायची नाही, पाणी बाहेरच्या वाळूतच. कोरड्या हवेत आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा बरंच उतरतं. १८ अंश मिळणार नाहीत, पण पत्र्याखालच्या फडताळापेक्षा कितीतरी बरं. आणि अंडी दिवसातून दोन-तीनदा गोळा करा, खुराड्यात दुपारभर पडू देऊ नका. घरचा फ्रिज चार-पाच अंशांवर असतो, तो जास्तच गार. अगदी नाइलाज असेल तर भाजीच्या कप्प्यात चार दिवस, त्याहून जास्त नाही.

हॅचरी_शिफ्ट_बी

जिवंत १७ चं बोला ना कुणी, त्यांचे दिवस चाललेत!

माळावरचे, लाल कडेवाली ४ काढून टाका. मेलेलं अंडं ३७ अंशांत दोन आठवडे राहिलं की आत वायू होतो आणि फुटतं. तो वास ज्यानं घेतलाय त्याला सांगायला नको, पण वासापेक्षा वाईट म्हणजे ती घाण बाकीच्या अंड्यांवर उडते.

पुढची टॉर्च १४ व्या दिवशी. तेव्हा अंडं जवळजवळ काळं दिसेल, बोथट टोकाला पोकळीचा उजेड आणि तिच्या कडेला ठळक शिरा. शिरा दिसत नसतील, आत सगळं गढूळ डुचमळत असेल तर ते गेलं. तिसरी १८ व्या दिवशी, त्यानंतर हात लावायचा नाही आणि फिरवणंही बंद. तोपर्यंत दिवसातून निदान तीन वेळा, जमलं तर पाच वेळा फिरवा. आकडा विषम ठेवला की रात्रीची लांब वेळ रोज वेगळ्या कुशीवर जाते. मोठ्या हॅचऱ्यांत सगळ्या अंड्यांवर टॉर्च अठराव्या दिवशी, सेटरमधून हॅचरमध्ये (पिल्लं बाहेर पडायच्या यंत्रात) नेतानाच मारतात. घरी मधल्या दोन जास्तीच्या परवडतात. एका वेळी दहा-पंधरा मिनिटांत उरकलं तर अंडी बाहेर काढल्यानं काही बिघडत नाही.

हवेच्या पोकळीवर पेन्सिलीनं रेघ मारून ठेवा, सातवा, चौदावा, अठरावा. दर वेळी ती वाढलेली दिसली पाहिजे. किचनचा काटा असेल तर आणखी चांगलं. ५० ग्रॅमचं अंडं अठराव्या दिवसापर्यंत साधारण ६ ग्रॅमनं हलकं झालं पाहिजे. कमी हलकं झालं तर आत ओल फार, पिल्लू कवच फोडायच्या वेळी गुदमरतं. कोकणात पावसाळ्यात हेच होतं, तिथं यंत्रातलं पाणी कमी करावं लागतं. तुमच्याकडे उलटं होईल, पाण्याचं भांडं कोरडं पडू देऊ नका. यंत्रातली आर्द्रता अठराव्या दिवसापर्यंत ५० ते ५५ टक्के, शेवटचे तीन दिवस ६५ ते ७०.

पुण्याची_गच्ची

लांबट अंड्यातून कोंबडा आणि गोल अंड्यातून तलंग (तरणी कोंबडी), हे तरी खरं आहे का? मला कोंबडा नकोय, सोसायटीत पहाटे चारला आरवला तर मलाच हाकलतील.

परसदार (गुहागर)

हाहा. नाही गं. एक कोंबडी आयुष्यभर साधारण एकाच घाटाची अंडी देते, आणि तिला कोंबडे-तलंगा दोन्ही होतात. तू आपली वाढलेल्या तलंगाच विकत घे. अंडी मिळतील, आरवणार कुणी नाही.

माळावरचा

कडेवाली ४ काढली. रांजण आणलाय, वाळू ओढ्यातली आहे. आता शेवटचं विचारतो. कोंबडा ठेवतोय. पण आर.आय.आर.साठी त्यांच्याच जातीचा एक तरणा कोंबडा मिळतोय. दोघं एकत्र सोडले तर मारामारी होईल ना? आणि नवा आणल्यावर किती दिवसांनी अंडी धरायची?

सातपुड्याच्या_पायथ्याशी (शहादा)

१४ मध्ये दोन कोंबडे एकत्र सोडलेत तर म्हातारा आणि तरणा रोज रक्तबंबाळ. पाच आर.आय.आर. आणि नवा कोंबडा, यांना जाळी लावून वेगळा कप्पा करा. जागा नसेल तर एक दिवस हा आत, एक दिवस तो, असंही चालवतात, पण मग पिल्लू कुणाचं हे कळणार नाही.

नवा सोडला की तिसऱ्या दिवसापासून फळलेली अंडी सुरू होतात, पण सगळ्या माद्या धरायला आठवडा-दहा दिवस द्या. शुद्ध आर.आय.आर. पिल्लं हवी असतील तर मात्र तीन आठवडे थांबा. कोंबडीच्या पोटात जुन्या कोंबड्याचं बी दोन-तीन आठवडे जिवंत राहतं, तोवर गावरानची भेसळ येऊ शकते. तेवढ्या दिवसांची तपकिरी अंडी खा, आणि रोज दोन बशीत फोडून ठिपका बघत चला. कडं दिसायला लागलं की नवा कामाला लागला. जाळी मात्र जमिनीत वीतभर गाडा, मुंगूस उकरतो.